गादी

पिंजाऱ्याला म्हणालो, ही उसव.
तीस वर्षं बसलो हिच्यावर, दगड झालीय.
धरणगावच्या पेढीच्या ओसरीत, उन्हं कलताना
रहीमतुल्लानं दातानं टाका तोडला
आणि छत्तीस सालची रुई बाहेर आली,
पिवळी, गोळे गोळे झालेली,
बंद खोलीचा वास घेऊन.

त्या डिसेंबरात रेचे रात्रंदिवस चालू होते.
फैजपूरला बांबू रोवले जात होते,
तापीपल्याड जायला लोक गाड्या वंगणत होते,
राजाला चालता हो म्हणायला.
आणि राजा त्याआधीच चालता झाला.
आपणहून. एका बाईपायी.

जेवणाच्या सुटीत बाया सरकीच्या ढिगाशी बसल्या,
फडकी सोडून: कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
मी काकांच्या गादीवरून उतरलो नाही.
तिथूनच पेपर वाचला, मोठ्यानं,
कारण चौथ्या ढिगाशी बनाबाई होती.

बाईच्या दोन फारकती झालेल्या, मी वाचलं,
म्हणून दरबार म्हणतो, ही राणी चालणार नाही.
घास थांबले. मग झुंबरबाई म्हणाली,
“त्यासनामा पाट नही लावतस का वं?”
आणि जिनभर हसू फुटलं.
एवढं मोठं राज्य, सूर्य मावळत नाही म्हणे,
आणि पंचांना पाच रुपये नि गुळाची भेली देऊन
मिटणारी गोष्ट त्यांना मिटवता येईना!
लोटन मुकादमाची बायको तर पाटाचीच,
तिनं बांगड्यांसकट हात वर करून दाखवला.

बनाबाई हसली नाही.
तिची एकच फारकत, एरंडोलच्या माणसाशी,
कागदावर अंगठा.
तिनं कांद्यावर मूठ मारली, पाकळ्या सुट्या झाल्या,
आणि विचारलं. मला नाही, पेपरला:
“त्यानी गादी सोडी. तिनी काय सोडं,
ते लिखेल शे का?”

मी पान उलटलं. कापसाचा भाव होता.
आणखी उलटलं. केशतेलाची जाहिरात.
म्हणालो, नाही लिहिलेलं.
“मंग अर्धंच वाचं तू.”

तू.
मुकादमानं मान वर केली.
आतल्या खोलीत काकांचा अडकित्ता थांबला.
त्या ‘तू’ला आठ महिने झाले होते,
पण तो अंजनीच्या पात्रातला होता,
उजेडात कधी आला नव्हता.

मी पेपराची घडी घातली. म्हणालो,
“चला गं, भोंगा झाला.”
भोंग्याला सात मिनिटं होती.
बाया एकमेकींकडे बघत उठल्या.
तिनं उरलेली भाकरी नीट बांधली,
घाई न करता, गाठीवर गाठ.

संक्रांतीनंतर ती चोपड्याच्या जिनात लागली.
तिथून पुढं कुठं, ते कळलं नाही
असं मी सांगतो.

फाल्गुनात काकांनी नवी गादी भरवली, त्याच हंगामाची.
चौथ्या ढिगाची रुई तिच्यात आहे की नाही,
हे कुणाला विचारणार?
काका गेले, मी बसलो.
लग्न झालं, मुलं झाली, दिवाळीला खोळ बदलली.
त्या राजाचं नाणं आमच्या गल्ल्यात कधी आलंच नाही.
बापाच्या तोंडाचे रुपये होते,
मग एकदम भावाच्या तोंडाचे.
मधल्याच्या नावानं मी पुष्कळदा चिल्लर चाळली.

रहीमतुल्लानं धनुकली टांगली,
तातीवर मोगरी मारली,
आणि ओसरीत काही दिसेनासं झालं.
पांढरं पांढरं माझ्या भुवयांवर, चपलांवर,
वहीच्या लाल पुठ्ठ्यावर.
खोकत खोकत तो म्हणाला,
“शेठ, निम्मी तर उडाली.
नवी घालू का आत?”

मी पायरीवर बसलोय.
त्यानं दोनदा विचारलं.
भोंगा होऊ दे, म्हणालो.
तो माझ्याकडे बघत राहिला;
जिन बंद पडून अकरा वर्षं झालीत.